निंबाखाली सांडलेला समुद्र

एक होती सासू अन् एक होती सून. सासूले डोळ्यानं कमी दिसे, सुनेले अकलेनं. सासूले एक लेक होता, सुनेले एक नवरा होता, अन् दोघींचा मिळून तो माणूस एकच होता. पण तो होता मुंबईच्या गोदीत, अन् ह्या दोघी होत्या शिरपूरच्या गाडीरस्त्यावर, गावाच्या तोंडाशी असलेल्या घरात. त्यातली सून म्हणजे मी.

आता काय सांगू तुमाले माह्या हुशारीचं. लोकाईच्या हातून चोर सुटते, माह्या हातून घरचा माणूस पकडला गेला. तोबी साधा नाही, बैलाच्या दाव्यानं, निंबाच्या झाडाले. बसा, चहा घ्या, सांगते सारं.

त्याईचं नाव मी घेत नाही. तवाबी घेत नव्हती, आताबी नाही. तुमी समजून घ्या.

लगन झालं तवा मधात अंतरपाट होता. अंतरपाट निघाला त डोक्यावरचा पदर नाकावर आला. घरात सासू, पारावर गावचे म्हातारे. दिवसाउजेडी सुनेनं नवऱ्याच्या तोंडाकडं पाह्यलं असतं त गावभर झालं असतं. मले त्याईची पाठ ठाऊक होती. खोकला ठाऊक होता. वहाणा कशा घासत येते ते ठाऊक होतं. आवाज त कुजबुजीतलाच. तोंड म्हणान त कधी पाव दिसलं, कधी अर्धं. पुरं असं कधी नाहीच.

एका उन्हाळ्यात शेजारगावचा एक जण त्याईले मुंबईले घेऊन निंगाला. आदल्या दिवशी मी विहिरीवर पाणी शेंदून राह्यली होती. हे बादलीले हात लावाच्या निमित्तानं जवळ आले.

"काय आणू वं तुह्यासाठी?"

मले सुचेचना. लुगडं म्हणावं त सासूले काय वाटन. बांगड्या म्हणाव्या त त्या शिरपूरच्या बाजारातबी भेटते. मी आपलं म्हणून देल्लं, "तिथी म्हणते समुद्र हाय. तोच आणा."

हे हासले. पण पाठ करून हासले, म्हणून तेबी तोंड राह्यलंच पाहाचं.

मंग पोळा गेला, दिवाळी गेली, पुन्हा पोळा आला. कोण्या येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडी निरोप येई, बरे हाओ म्हणून. मी सूप घेऊन ओसरीत बसू अन् तोंड रस्त्याकडं करू. जवारीतले खडे कमी निवडले जात, रस्त्यावरचे जास्त.

असं चालू होतं अन् गावात कोकणातला एक मास्तर बदलून आला. वऱ्हाड अन् मुंबई तवा नवंनवं एका राज्यात आलं होतं. गडी बारीकसा, एकटा, अन् आमच्या काळ्या मातीकडं असा पाहे की जसं कोणी त्याच्या घराले कुलूप लावून त्याले बाहेर ठेवलं. दिवेलागणीले त्यानं मोठ्या माणसाईचा वर्ग चालू केला, बायाईचाबी. अक्षरं आमच्या डोक्यात काही शिरली नाही, पण इतिहास शिरला, कारण तो सांगे समुद्राचा.

"गुरुजी, समुद्र म्हणजे तलावापेक्षा मोठा का?" मी विचारलं.

"वहिनी, त्याला पलीकडचा काठच नाही."

माही शेजारीण शेवंता म्हणे, "मंग पलीकडच्या बाया धुणं कोठी धुते?"

मास्तर हासले. मंग त्याईनं चाच्याईचं सांगितलं. चाचे म्हणजे दर्यावरचे दरोडेखोर. व्यापाऱ्याचं गलबत दिसलं की घातली धाड. अन् त्याईले आडवणारे आपले मराठी खलाशी, किनाऱ्यावरच्या चौक्या, सारं सांगितलं. पण म्हणे नुसतं ऐकून इतिहास कळत नसते, करून पाहाव लागते.

झालं. गावाले यडच लागलं. सुतारानं गाडीवर डोलकाठी उभी केली. शेवंताच्या जुन्या लुगड्याचं शीड झालं. मास्तरचा एक दोस्त पोहरादेवीकडं मास्तर होता, त्यानंबी तिकडं असंच मंडळ काढलं. त्या मंडळीचे आजे-पणजे बैलाच्या पाठीवर मीठ लादून थेट किनाऱ्यावरून वऱ्हाडात आणत. ते लोक आमाले मिठाच्या वाटा शिकवून गेले, आमी त्याईले आमचं गलबत दाखवलं. आमच्यात समुद्र कोणीच पाह्यला नव्हता, पण गप्पा अशा चालत की सकाळीच पोहून आलो.

मंग ठरलं, एक दिवस खराच खेळ करू. पोहरादेवीची मंडळी चाचे, आमी किनारा. आमच्या गावात मिठाचं एक गाडगं ठेवाचं, ते त्याईनं लुटाचं. मास्तरनं बजावलं, "चाचे आधी हेर पाठवायचे. हेर साध्या वेशात येईल. म्हणेल, मी इथलाच. नावगाव सगळं बरोबर सांगेल. फसू नका."

गाडगं ठेवलं आमच्या ओसरीत, कारण घर गावाच्या तोंडाशी. अन् चौकीवर बसवलं मले. मास्तर म्हणे, "वहिनी, तुम्ही फक्त रस्त्याकडे पाहत राहायचं."

त्या बिचाऱ्याले काय मालूम, मी आजवर दुसरं काय करून राह्यली होती ते.

खेळाच्या दिवशी गडीमाणसं गलबत घेऊन नाल्यावर गेले, चाच्याईची धाड तिकडून येणार म्हणून. गावात आमी बाया. मी अन् शेवंता निंबाखाली दावं अन् तव्याची काजळी घेऊन बसलो. हेर सापडला की त्याचं तोंड काळं कराचं असं आमचं आमीच ठरवलं होतं, ते काही इतिहासात नव्हतं.

दुपार कलली अन् शिरपूरकडून एक माणूस आला. ही येवढी दाढी. अंगात पँट, पायात कॅनव्हासचे जोडे, खांद्यावर थैली, थैलीले गुंडाळलेला जाडा दोर. लंगडत, इकडं तिकडं पाहात, हासत येऊन राह्यला होता.

"शेवंते," मी म्हटलं, "दोर पाह्य. गलबताचा हाय."

तो सरळ आमच्या घराकडंच वळला. जिथी मिठाचं गाडगं. आता अजून काय पुरावा पाह्यजे? शेवंतानं मांगून धरलं, मी दावं टाकून निंबाले बांधलं. शेवंता म्हणजे बैल मुरगाळणारी बाई, तो जागचा हालला नाही.

"अवं अवं, हे काय चालवलं? मी घरचाच हाओ."

शेवंता म्हणे, "पाह्य, मास्तर म्हणे तसंच बोलून राह्यला."

"नाव सांग बे," मी दरडावलं. डोक्यावरचा पदर खोचून, कमरेले हात लावून. जलमात कोण्या गड्यासंग असं बोलली नव्हती. पण चौकीचा अंमलच वेगळा असते.

त्यानं माह्याकडं पाह्यलं अन् नाव सांगितलं. बापाचं नाव, गावाचं नाव, सारं. माह्या नवऱ्याचं.

तवा मले जो राग आला, तो काय सांगू. जे नाव मी मनातबी हळूच घेऊ, ते नाव ह्या मेल्यानं पोहरादेवीत बसून हुडकलं, पाठ केलं, अन् मलेच फसवाले आणलं. खेळ खेळा ना बाप्पा, पण बाईच्या दुखत्या जागेवर पाय काहून ठेवता? माह्या डोळ्यात पाणी आलं. अन् त्या पाण्यासकट मी दाव्याची गाठ अशी आवळली की तो कळवळला.

"लाज नाही वाटत? ते नाव घेते तोंडानं?"

"माह्यच नाव हाय, मी नाही घिऊ त कोण घीन? तू त घेत नाही."

शेवंता फसकन हासली. मी काजळीचा सारा हात त्याच्या तोंडावरून फिरवला. दाढीसकट. तरी तो हासूनच राह्यला होता. म्हणे, "मुंबईत सायबाची बोलणी खाल्ली, पण असा मान कोठी भेटला नाही."

मंग आमी थैली उचकली. एक नवं लुगडं निंगालं, शेवंता म्हणे लुटीचा माल. शिंपला निंगाला. अन् फडक्यात गुंडाळलेली, बुचाले मेण लावलेली एक बाटली निंगाली.

"ते ठेव," तो पह्यल्यांदा घाईनं बोलला. "ते सांडू नोको."

"काय हाय यात?"

"समुद्र."

शेवंतानं बूच काढून बोट बुडवलं, चाखलं अन् थुकली. "खारं हाय वं. हा पक्का चाचा हाय."

चाच्याचा माल ठेवाचा नसते, असा माह्याच मनानं कायदा केला अन् बाटली केली उलटी. निंबाच्या बुडाशी भळभळ सांडलं. आमची माती कशी असते, घोटभर पाणी त तिच्या दाढेलेबी पुरत नाही. पाह्यता पाह्यता जिरलं.

अन् तो माणूस हासाचा थांबला.

 ओल्या मातीकडं पाहून राह्यला. मंग हळूच म्हणे, "विहिरीवर मांगितला होता ना तू? मी त आणला. आता दुसरा कोठून आणू वं?"

विहिरीवर त कोणीच नव्हतं. मी, बादली अन् हे.

माह्या हातून बाटली पडली. अन् पह्यलं काय केलं असन मी? दावं सोडलं? नाही. डोक्यावरचा पदर वढला अन् नाकापर्यंत आणला. काजळीच्या हातानं. म्हणजे आता दोघंबी काळे. पदराच्या फटीतून मी दावणीले बांधलेल्या नवऱ्याकडं पाह्यलं. पुरं तोंड, दिवसाउजेडी, पह्यल्यांदाच, अन् तेबी मीच काळं केलेलं.

तेवढ्यात नाल्यावरून मास्तर अन् सारी माणसं आली. धाड आलीच नाही म्हणे. मंग हेर कोठी गेला?

आमच्या घरातून सासूचा आवाज आला, "अवं सुनबाई, पाण्याचा तांब्या आण. मुंबईचा पाहुणा जेवून राह्यला."

घरात पाह्यतो त पोहरादेवीचा हेर पाटावर बसला होता, ताटात पोळी, अन् गाडगं मांडीशी. तो मांगच्या दारानं आला होता. सासूनं त्याले तोंड उघडूच देल्लं नाही. परका माणूस म्हणजे तो मुंबईचा, अन् मुंबईचा म्हणजे लेकाची खबर घेऊन आलेला, येवढाच तिचा हिशोब. जेवू घालून घालून विचारे, "माह्या पोराले खोकला हाय का अजून? जेवते का पोटभर?" तो गडी इतका कानकोंडा झाला होता की त्यानं मलेच म्हटलं, "वहिनी, हे गाडगं घ्या वापस. माह्यानं नाही होत. आजीले सांगा मी चाचा हाओ म्हणून."

"आत्याबाई," मी म्हटलं, "तुमचा लेक निंबाले बांधला हाय."

सासू भिंत धरत, मंग माह्या खांद्याले धरत निंबापाशी आली. दाढी चाचपली, नाक चाचपलं, कानाची पाळी धरली अन् तिथंच थांबली.  मंग मले म्हणे, "मी आंधळी हाओ बाप्पा. तुले काय झालं होतं?"

सारे हासले. एकटे मास्तर नाही हासले. ते खाली बसले होते, रिकामी बाटली हातात. बुडाशी थेंबभर उरलं होतं, ते त्याईनं तळहातावर घेतलं अन् जिभेले लावलं. डोळे मिटले. मंग म्हणे, "आमच्याच बाजूचा आहे."

दावं सोडाले गेली त शेवंता आडवी. "चौकीचा कायदा हाय. ओळख पटवल्याशिवाय हेर सुटत नसते. नाव घे."

साऱ्या गावासमोर, मास्तरसमोर, पोहरादेवीच्या चाच्यासमोर. काय करता? मी पदराआडून म्हटलं, मधलं नाव तुमच्यासाठी गाळून सांगते:

"काळ्या मातीत जिरलं दर्याचं पाणी,
…रावाले बांधलं मी चोरावाणी."

तवा कुठी गाठ सुटली. म्हणजे सुटली नाहीच, विळ्यानं कापाव लागली, इतकी मी रागानं आवळली होती.

हे कायमचेच आले होते. गोदीत पायावर खोकं पडलं, मंग कोणाच्या तरी वळखीनं वाशीमच्या ठेसनावर काम भेटलं. मुंबई सुटली म्हणून तर समुद्र संग घेतला होता. पुढच्या पोळ्याच्या आत घरात पाळणा हालला, सासूनं नातीचे कान चाचपून पाह्यले अन् म्हणे, आपल्याच घरचे. मास्तरची बदली झाली, ते आपल्या किनाऱ्याले गेले. मी समुद्र काही पाह्यला नाही. निंबाच्या बुडाशी अजून बसते कधी कधी, कोणी नसलं की चिमूटभर माती जिभेले लावून पाह्यते. खारट लागत नाही. पण लागनबी एखाद्या वेळी.

बाकी देवाच्या दयेनं सारं भेटलं, भाकर भेटली, लेकरं भेटली, संध्याकाळी घरी येणारा माणूस भेटला. फक्त तो माणूस जलमभर रस्त्यावरूनच आवाज देई, "दावं खाली ठेव वं, मी घरचाच हाओ."