परत येण्याचा दांडा

गुडगावच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात सागवानाचं एक कपाट होतं. बाबांनी ते बाहेरच्या खोलीत बसून बांधलं आणि ते दारापेक्षा रुंद झालं. जिथे बांधलं तिथेच ते राहणार, हे पहिल्या दिवसापासून उघड होतं. बाबांना त्यात चूक वाटत नसे. "ते जाण्यासाठी केलेलंच नाही," असं ते सांगत.

या उत्तरामागे त्यांची नोकरी होती. बाबा सुतार होते. पुण्याजवळच्या कारखान्यातून त्यांची बदली गुडगावजवळ मानेसरला झाली, पॅकिंग विभागात. गाड्यांचे सुटे भाग परदेशी जात, त्यांच्यासाठी लाकडी खोकी बनवायची. सकाळी कंपनीच्या बसने जायचे, संध्याकाळी बाह्यांवर भुसा घेऊन परतायचे. खोकं मजबूत हवं, पण मुक्कामाला पोहोचलं की ते फोडायचंच असतं. नोकरीभर हातून गेलेल्या कामातलं एकही त्यांना पुन्हा दिसलं नाही. रविवारी ते दिल्लीतल्या मराठी घरांसाठी पाट, चौरंग, देव्हारे करत. तेही ज्याच्या त्याच्या घरी जात. आमच्याकडे राहिलं ते कपाट. दर दिवाळीला ते त्याला पॉलिश करत आणि आई म्हणे, "माझ्याकडे इतकं निरखून कधी बघितलं नाहीत."

बाबा निवृत्त झाले, त्यानंतरच्या हिवाळ्यात आईला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय अधू झाला. ती घरी आल्यावर व्यायाम शिकवायला एक बाई येत. त्या बाबांना म्हणाल्या, "आंटीजी को चलाइए, अंकल. अभी बैठ गईं तो बैठी ही रह जाएँगी."

डाव्या हाताने काही धरून ती चालू शकली असती. काठीवर तिचा विश्वास नव्हता, काठी घेऊन ती एकदा पडली होती. वॉकरला दोन्ही हात लागतात. उरला आमचा हात, आणि तो तिला नको होता. "दोघांनी धरून नेऊ नका. मी काय गणपती आहे?" असं म्हणून ती पलंगावरच बसू लागली. स्वयंपाकघरात मी काय करते आहे, हे सुरुवातीला ती तिथून विचारायची. मग विचारणंही थांबलं. ते थांबलं तेव्हा बाबांनी मोजायची टेप बाहेर काढली.

पलंगाच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत मधे फक्त बाहेरची खोली होती. जाताना डाव्या हाताची भिंत रिकामी होती, उजव्या भिंतीला कपाट. बाबांनी डाव्या भिंतीवर या दारापासून त्या दारापर्यंत आधाराचा दांडा बसवायचं ठरवलं. आईच्या हातात निरनिराळ्या जाडीची लाकडं देऊन पाहिली. तिला एकही पसंत पडेना. शेवटी तिचं लाटणं आणून त्याच्या पोटाची जाडी घेतली. "ही तुझ्या हाताला माहीत आहे," ते म्हणाले. दांडा रंधून, घासून, स्क्रूने पक्का बसवला आणि स्वतः त्याला लोंबकळून पाहिलं.

पहिल्याच सकाळी आई त्याला धरून निघाली. बाबा मागे होते, पण हात न लावता. ती स्वयंपाकघराच्या दारात पोहोचली. ओट्याकडे बघून म्हणाली, "गॅसमागची भिंत कोणी पुसतं की नाही?" इतक्या दिवसांत तिने पहिल्यांदाच काही विचारलं होतं.

मग ती परतायला वळली आणि थांबली. दांडा आता तिच्या उजव्या हाताला होता. त्या हाताची बोटं वळत नव्हती. डाव्या हाताला कपाट होतं, धरायला काहीच नाही.

"अहो, जायची सोय केलीत. आता मी इथेच राहू का?"

बाबांनी दांड्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"बरोबर आहे," आई म्हणाली. "तुमची खोकी कधी परत आली होती?"

मी हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी स्टूल आणून तिला बसवलं आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून तिला परत यावं लागलं. दुसऱ्या दिवशी ती पलंगावरून उठली नाही.

बाबांनी कपाट रिकामं केलं. साड्या, रजया, स्वेटर माझ्या पलंगावर आले. आईला आवाजावरून कळलं. ती आतून ओरडली, "अहो, त्याला हात लावू नका. मी बसेन इथे, मला काही त्रास नाही."

"कपाटाला कुठे जायचंय?" बाबा म्हणाले. "तुला जायचंय."

ते सुटं होईना. लाकडी खुंट्या आणि सरस, दोन्ही त्यांनीच घातले होते, उघडू नये म्हणूनच. त्यांनी करवत घेतली. आवाज ऐकून खालच्या मजल्यावरचे शेजारी वर आले.

"मिस्त्रीजी, किसका ऑर्डर है?"

"घर का."

"फिर तो मरे! घरवाले ना एडवांस देते हैं, ना तारीफ."

"अलमारी जानेवाली थी ही नहीं," बाबा म्हणाले, "इसीलिए तो काट रहा हूँ." शेजाऱ्यांना ते कळलं नसावं, पण त्यांनी फळीचं दुसरं टोक धरलं आणि काम संपेपर्यंत सोडलं नाही.

दुसरा दांडा त्या कपाटाच्या उभ्या पट्ट्यांमधून निघाला आणि कपाटाच्याच भिंतीवर बसला. लांबी एका पट्टीत भागली नाही, मधे जोड आहे. बोट फिरवलं तरी तो लागत नाही, पण जुन्या पॉलिशचा रंग तिथे थोडा बदलतो. आई स्वयंपाकघरापर्यंत गेली, वळली आणि कपाटाचा दांडा धरून एकटी परत आली. पलंगावर टेकली नाही. "पुन्हा," म्हणाली.

पुढच्या काही वर्षांत बाबांचे गुडघे दुखू लागले आणि तेही दांडा धरू लागले. त्यांना उजव्या हाताची सवय. त्यामुळे आई जाताना आणि बाबा येताना, दोघांना पहिलाच दांडा लागायचा आणि खोलीच्या मधोमध दोघं समोरासमोर यायचे.

"अहो, तुमची लेन ती. आपली लेन सोडून येता कसे?"

"दिल्लीत राहतो, म्हणून," बाबा म्हणायचे आणि हात सोडून बाजूला व्हायचे.

बाबा गेल्या वर्षी गेले. आई रोज सकाळी चहा करायला उठते. खोलीच्या मधोमध क्षणभर थांबते, मग पुढे जाते. डाव्या हाताने सगळं करते. उजवा हात आता भांडं टेकवून धरण्यापुरता उपयोगी पडतो. दोन कप भरते, वळून कपाटाचा दांडा धरते आणि मला हाक मारते, "कप तू आण. माझा हात मोकळा नाही."