आठवी ‘अ’मधलं आमचं बाक

कॉलेजचा प्रवेश कधी ठरतो? अकरावीचा निकाल लागल्यावर, असं नाशिकमधल्या आमच्या वस्तीत सगळे समजायचे. साफ चूक. तो सातवी संपताना ठरायचा, आणि ज्यांचा ठरायचा त्यांनाच त्याचा पत्ता नसायचा.

मी सांगते आहे ती सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. दहावी-बारावी तेव्हा आली नव्हती, अकरावी म्हणजे मॅट्रिक. आठवीपासून शाळेत गणितं दोन. ‘अ’ तुकडीला बीजगणित आणि भूमिती, ‘ड’ तुकडीला नुसतं अंकगणित. नफा-तोटा, सरळव्याज, दोन नळांनी हौद किती वेळात भरेल. माझे बाबा नगरपालिकेत पाण्याचे कॉक फिरवायचे. हौद कधी भरतो हे आमच्या घराला शाळेनं शिकवायची काही गरज नव्हती. पण वस्तीतलं पोर आठवीत गेलं की थेट ‘ड’मध्ये. परीक्षा नाही, विचारणा नाही. पत्ता वाचायचा आणि तुकडी लिहायची.

आणि यावर आमची माणसं खूश होती. सोपं गणित, म्हणजे पोर नापास होत नाही. नापास झालं नाही म्हणजे शाळा सुटत नाही. आदल्या वर्षी तर वस्तीतली सगळी मुलं मॅट्रिक पास झाली होती, म्हणून एप्रिलमधल्या जयंतीला शाळेच्या हेडमास्तरांनाच प्रमुख पाहुणे करायचं ठरलं. हार, शाल, सत्कार. ज्यानं दार लावून घेतलं त्याचाच सत्कार. निमंत्रण द्यायला कमिटीतर्फे माझे बाबाच गेले होते, इस्त्रीचा सदरा घालून.

मला हे दार दिसलं ते शेजारच्या ताईमुळे. ताई आदल्या जूनमध्ये पहिल्या वर्गात पास झालेली. गंगापूर रोडवरच्या कॉलेजात सायन्सला नाव घालायला गेली आणि तशीच परत आली. जागा भरल्या असतील, असं सगळे म्हणाले. मग ती माझ्या आईशेजारी सूप मांडीवर घेऊन विड्या वळायला बसू लागली, आणि तिच्याबद्दल कुणी काही बोलेनासं झालं.

मी तेव्हा सातवीत होते. एका दुपारी मी दोघींना विडीची पानं कातरून देत होते. नुकतीच आमची सहल धरणावर जाऊन आली होती आणि माझ्या डोक्यात धरणच घुसलं होतं. मी सांगून टाकलं की मी पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजात जाणार आणि धरणं बांधणार. आई हसली. ताई हसली नाही. हातातल्या विडीला दोरा गुंडाळत म्हणाली, “मग आत्ताच बघ. अकरावीची वाट बघू नको. तिथला कारकून मला म्हणाला, तुझं गणित इथं चालत नाही. बीजगणित नाही, भूमिती नाही, सायन्सला येतेस कशी?”

“मग हे तू कुणाला सांगितलं का नाहीस?”

“काय सांगू? पेढे वाटून झाले होते.”

मी कातर खाली ठेवली. राग आला हे तर खरंच, पण खोटं कशाला बोलू, रागाहून जास्त आनंद झाला. दार कुठं आहे ते कळलं होतं. आणि माझ्यासाठी ते अजून उघडं होतं, फक्त जूनपर्यंत.

जयंतीला वस्तीतल्या मुलांनी भाषण करायचं, ही आमच्याकडची रीतच. भाषण कमिटीतले एक काका लिहून देत, आम्ही पाठ करत असू. मधे अडखळलं की मागून बाया ओरडायच्या, “बोल, बोल, भिऊ नको.” त्या वर्षी माझा नंबर होता. निळ्या कापडाचा मांडव, करकरणारा कर्णा, आणि समोर समाजमंदिराच्या एकुलत्या एक शिसवी बाकावर हार घातलेले हेडमास्तर. अध्यक्ष महाशय, गुरुजनवर्ग, बंधू-भगिनींनो, सगळं म्हणून झालं. टाळ्या सुरू होणार तेवढ्यात मी माइक दोन्ही हातांनी धरला.

“सर, जूनमध्ये आम्हाला ‘ड’मध्ये घालू नका. आम्हाला अवघड गणित द्या. सोपं गणित कॉलेजात चालत नाही.”

काका बाजूनं हातवारे करत होते. बाबा मांडवाच्या खांबाजवळ उभे होते, त्यांनी मान खाली घातली. हेडमास्तर मात्र हसले. उठून माइकपाशी आले आणि लाडानं विचारलं, “बाळ, बीजगणित म्हणजे काय, माहीत आहे का तुला?”

“नाही सर. शिकवलं की कळेल.”

पहिलं हसू मागच्या बायांतून आलं, मग सगळा मांडव हसला. गळ्यात हार घातलेल्या माणसाला भर मांडवात नाही म्हणणं जड जातं, हे मी त्या दिवशी शिकले. पुढं पत्रकं वाटताना, सभा घेताना ते फार उपयोगी पडलं. शाळा उघडली की आपण स्वतः परीक्षा घेऊ, बीजगणिताच्या पहिल्या दोन धड्यांवर, आणि जो पास होईल तो ‘अ’मध्ये, असं त्यांनी सांगून टाकलं. नापास झालात तर माझ्याकडे येऊ नका, हेही वर सांगितलं.

घरी आल्यावर बाबा बराच वेळ सदऱ्याच्या घड्या घालत बसले. मग म्हणाले, “पाहुण्याला घरी बोलावून असं करतात का? मी गेलो होतो बोलवायला.”

आई चुलीपुढून म्हणाली, “इतकी वर्षं पोरं आडगळीत टाकली ते चाललं. पोरीनं नुसतं विचारलं तर लगेच पाहुणा व्हय?”

  तेव्हापासून पूर्ण मे महिना बाबा माझ्याशी कामापुरतंच बोलले.

तो मे महिना! वस्तीतले आम्ही चौघं तयार झालो, तीन मुली आणि एक मुलगा. शिकवणार कोण? ताई. तिला तरी कुठं बीजगणित येत होतं? पहाटे ती जुन्या पुस्तकातला एक धडा स्वतः शिकायची, दुपारी तोच आम्हाला शिकवायची. समाजमंदिराची थंड शहाबादी फरशी हाच आमचा फळा. खडूचे तुकडे घेऊन आम्ही पालथ्या पडून गणितं सोडवायचो आणि फरशी भरली की पुसायला पाणी आणायचो. ‘क्ष’ कळला तो दिवस मला अजून आठवतो. जे माहीत नाही त्याला आधी नाव द्यायचं, मग त्याला कामाला लावायचं, आणि शेवटी ते आपण होऊन समोर येतं. यात अवघड काय आहे? हे आमच्यापासून लपवून ठेवलं होतं? आम्ही चिडायचो, हसायचो आणि पुढचं गणित मांडायचो. ताईचं तर असं झालं की सूप मांडीवर असताना मधेच थांबून ती हवेत बोटानं काहीतरी लिहायची, आणि आई म्हणायची, “बाई, हात चालू दे, तुझा तो क्ष पळून नाय चालला.”

मुलगा परीक्षेपर्यंत टिकला नाही. त्याला मामानं चांदवडला कांद्याच्या गोण्या भरायला नेलं. चौघांत हिशेबानं तोच सगळ्यांत पक्का होता. त्याच्यासाठी कुणी मांडव घातला नाही.

जूनमध्ये आम्ही तिघींनी परीक्षा दिली आणि तिघी पास झालो. मोठ्या ऐटीत ‘अ’च्या दाराशी गेलो, तर वर्गशिक्षक म्हणाले की वर्गात बाकं कमी आहेत. आम्ही हेडमास्तरांकडे गेलो. तेही तेच म्हणाले. पास झालात हे खरं, पण बसणार कुठं? वर्षभर ‘ड’मध्ये काढा, पुढच्या वर्षी बघू. बाहेर येऊन तिघींतली एक रडायला लागली. मला रडू येईना, हात शिवशिवत होते. पुढच्या वर्षी म्हणजे कधीच नाही, हे आम्हाला आता कळत होतं.

घरी येऊन सांगितलं ते आईला. बाबा कामावरून येऊन पाय धूत होते. ऐकत आहेत असं वाटलंही नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा भरत होती आणि मी फाटकाशी उभी होते. रस्त्यानं बाबा येताना दिसले. पुढे बाबा, मागे कमिटीतले भाषण लिहिणारे काका, आणि दोघांच्या खांद्यावर समाजमंदिराचं ते शिसवी बाक. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, तोच. पोरं वाट करून देत होती. हेडमास्तर व्हरांड्यात आले.

बाबांनी बाक खाली ठेवलं, घाम पुसला आणि नमस्कार केला.

“सर, बाकं कमी आहेत असं पोरगी म्हणाली. हे घ्या. जयंतीला तुम्ही यावरच बसला होता. मजबूत आहे, तिघी आरामात बसतील.”

हेडमास्तर बाकाकडे बघत राहिले. व्हरांडाभर मास्तर जमले होते. शेवटी त्यांनी शिपायाला ‘अ’च्या दाराचं दुसरं कवाडही उघडायला सांगितलं, कारण एका कवाडातून बाक आत जात नव्हतं.

बाबा जाताना माझ्याजवळ थांबले. दोन महिन्यांनी पहिल्यांदा नीट बोलले. “जयंतीला परत लागेल ते. तोवर नीट वापरा.”

ते बाक चार वर्षं परत गेलं नाही. त्या जयंत्यांना पाहुणे सतरंजीवर बसले.