कवळ्या लिंबाचं दातवण

बायको जाऊन सहा महिने झाले. माणसं येतात, बसतात, तिचे गुण सांगतात. बिचारी कधी खोटं बोलली न्हाई, म्हणतात. मी मान हलवतो. पण ती खोटं इतकं बराबर बोलायची, की तिच्या एका खोट्यावर आमचा मळा पिकला. तेवढं लिहून ठेवतो. मी शिकलो दोन इयत्ता, पण एवढं जमेल.

निजामाचं राज जाऊन पाच-सहा वर्षं झाल्ती. नव्या जालन्याची घरं ठेसनाकडून सरकत सरकत आमच्या बांधाला टेकली. येताना चुलीसाठी दिसेल ते झाड तोडत आली. मंग सरकारनं काढलं, की शहराजवळच्या शेतकऱ्यानं बांधावर इथलीच झाडं लावावी, खर्चा सरकार देईल. अर्धा आधी, अर्धा दुसऱ्या उन्हाळ्यानंतर, झाडं जगली तर. पहिला अर्धा खड्ड्यांत अन् काट्याच्या कुंपणात गेला. दुसऱ्यावर आमचा डोळा होता, कारण विहिरीवरची मोट पार फाटल्ती. नवी मोट न्हाई तर भाजीचा मळा न्हाई. झाडांना पाणी बायको घागरीनं घालायची.

मी रस्त्याच्या कडेनं कडुलिंब लावले. अक्कल बघा माझी! वस्तीच्या तोंडासमोर दातवणं उभी केली. झाडं कमरेला लागली तशी वस्तीतली माणसं सकाळी तांब्या घेऊन जाता-येता एकेक काडी मोडायला लागली. मी शिव्या घातल्या, तर ती मी उठायच्या आधी यायला लागली.

बायको म्हणली, "तुम्ही गप बसा. तुमच्या तोंडानं झाडं जगत न्हाईत."

दुसऱ्या दिवशी ती स्वतः बांधावर जाऊन बसली. पहिला आला अडतीवरचा मुनीम. त्यानं शेंडा मोडून तोंडात घातला.

"अगं बाई! मुनीमजी, कवळा लिंब चावला व्हय?" ती हळहळली. "दात हालतेत त्यानं. झाड जून झाल्यावर घ्यायचं असतं."

"काहीतरीच!" मुनीम म्हणला, पण काडी थुंकून टाकली.

आता मुनीमाचा एक दात आधीचाच हालत असणार. तो त्याच आठवड्यात पडला. झालं! वस्तीतले लोक आमच्या बांधावरून तोंड मिटून जायला लागले.

दुसरा उन्हाळा सरला. झाडं हिरवीगार. एका सकाळी तपासणीचा साहेब गाडीनं आला. रात्रभरचा प्रवास, तोंड धुतलेलं न्हाई. झाडं बघून खूश झाला अन् त्यानं आमच्याच लिंबाची काडी मोडून दाताखाली धरली.

"साहेब, थुंका!" मुनीम रस्त्यावरून ओरडला. "दात पडतेत त्यानं! हे बघा!" अन् जबडा उघडून दाखवला. मागं जमलेल्या लोकांनी माना डोलावल्या.

साहेबाचा चेहरा बदलला. मला म्हणला, "हे काय विषारी लावून ठेवलंय? मी हे मंजूर करणार नाही."

माझ्या डोळ्यासमोरून मोट गेली. खरं सांगावं, तर वस्ती उद्या सकाळी झाडं खाऊन टाकणार. न सांगावं, तर पैसा बुडाला. मी बायकोकडं बघितलं.

तिनं पदर खोचला, शेंडा मोडला अन् सगळ्यांदेखत कराकरा चावला. "साहेब, झाड बिलकुल चांगलंय. पाणी घालणाऱ्याला ते काही करत न्हाई. फुकट मोडणाऱ्याचेच दात जातेत."

साहेबानं तिच्याकडं बघितलं, मंग मुनीमाच्या जबड्यातल्या खिंडीकडं. रुमालानं तोंड झाकून त्यानं खोकल्यासारखं केलं. "मी खर्चा देतोय, म्हणजे माझंही पाणी धरा," म्हणला अन् काडी परत चावायला लागला. झाडं मंजूर झाली.

मुनीम हळूच पुढं आला. "बाई, आम्ही पाणी घातलं तर चालतंय का?"

"घाला की. पण मधीच सोडलं अन् दात हालला, तर माझ्याकडं येऊ नका."

नवी मोट आली. पुढच्या उन्हाळ्यात मी मोट हाकताना बघायचो, तर वस्तीतली शहाणीसुरती माणसं धोतराचा सोगा सावरत, तांबे घेऊन बांधावर. अन् ही कमरेवर हात ठेवून ओरडायची, "मुनीमजी, बुडाशी घाला! पानं काय धुता?"

मला हसू आवरायचं न्हाई. माझं हाकणं थांबलं की बैलही थांबायचे. मंग ती माझ्याकडं वळायची, "तिथं दात काढून काय उभे राह्यले? मोट हाका!"

आता मी दिवसभर नुसता बसून राह्यलो तरी कुणी ओरडत न्हाई.