उजनीकाठी घरोघरचं नेट मोजताना

सहलीला नव्हे, एक आकडा आणायला मी घराबाहेर पडले.

माझी थोरली नणंद, सुमनवन्सं, उजनीच्या काठी एकट्या केळीची बाग सांभाळतात. धरणातून पाणी उचलणाऱ्या सोसायटीच्या दारात फळा आहे. पाण्याची पाळी कोणाची, ते त्यावर लिहितात. चिटणीसांनी ठरवलं की फळा बंद, पाळी फक्त मोबाईलच्या ग्रुपवर. वन्संकडे बटणांचा फोन. ऐन उन्हाळ्यात पाळी हुकली तर बाग गेली. चिटणीसांचं म्हणणं, नेट घरोघरी आहे. नसेल तर शनिवारच्या सभेत आकडा दाखवा. मी कधीकाळी अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झाले, म्हणून वन्संनी मला कामाला लावलं.

पहिला दिवस सोलापुरातच गेला. आकड्यांच्या कार्यालयात जेवणाच्या सुट्टीआधी पोचा आणि चष्मा विसरू नका, छपाई बारीक असते. तिथल्या लिपिकाने आदराने पुस्तकं काढून दिली. तालुक्यातल्या विहिरी, ट्रॅक्टर, कोंबड्या, सगळं होतं. घरांच्या नेटचा आकडा मात्र अख्ख्या राज्याचा. दुकानं-धंद्यांचा वेगळ्या अहवालात, तोही राज्याचाच. "मॅडम, गावाचा आकडा पाहिजे तर गावालाच विचारावं लागंल की," तो म्हणाला. मला पटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी धरून जेऊर. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी घ्या, वाटेत खायला दुसरं काही लागत नाही. पुढे वडाप रिक्षा मिळते. ती भरेपर्यंत निघत नाही, आणि ती कधी भरली हे चालकच ठरवतो.

मी आणि वन्सं वही घेऊन निघालो. प्रत्येक दारात एकच प्रश्न, घरात नेट आहे का? प्रत्येक दारातून एकच उत्तर, हाय की. किराणा दुकानातही हाय, पिठाच्या गिरणीतही हाय. वही भरली आणि वन्संचा चेहरा उतरला. वाटेत चिटणीस भेटले. "बाई, गाव उरकलं असंल तर जिल्हा बी मोजून टाका," म्हणाले.

शेवटच्या घरी पाणी प्यायला टेकलो. मी सहज म्हटलं, बघू तुमचा फोन.

"फोन पुण्याला हाय की, पोराजवळ," घरची बाई म्हणाली.

"आणि पोरगा?"

"त्यो बी पुण्यालाच. पण घर हेच न्हवं का त्याचं?"

मी वही उघडून पुन्हा पहिल्या दारापासून सुरुवात केली. आता प्रश्न एवढाच, फोन या घडीला कुठे आहे? पुणे, पुणे, मुंबई, पुणे. गिरणीचा फोन मालकाच्या धाकट्या भावासोबत ट्रकवर होता.

सभेत मी वही वाचली. चिटणीसांनी हरकत घेतली, त्यांच्या घरी तरी नेट आहेच. मागून त्यांच्या मंडळी शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या खिशात हाय. घरात कुटं हाय?" सभा हसली. ग्रुप राहिला, फळाही राहिला, आणि मंगळवारच्या पाळीला वन्संचं नाव खडूने लागलं.

घरी आल्यावर वही नीट उतरवून काढली. नमुना म्हणून पहिलं घर मी माझंच लिहिलं होतं. घरातली माणसं: चार. मुलगा, सून आणि नात बंगळूरला असतात, इथे मी एकटीच. मी आकडा खोडायला पेन उचललं, आणि तसंच खाली ठेवलं.