उजव्या बाजूची पदकं

आधी माझी चूक सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला माझी दया यायला नको. मी सैन्यात एक दिवसही नव्हतो. तरी गेल्या वर्षी अंबरनाथला शहिदांच्या स्मरणार्थ संचलन झालं, तेव्हा काकांची पदकं मी स्वतःची म्हणून छातीवर लावली, माजी सैनिकांच्या पहिल्या रांगेत बसलो आणि लोकांचे सॅल्यूट घेतले. ज्या बाईचा तो मान होता, ती घरी राहिली. माझ्यामुळे.

बाकी मी काही भुताखेतांतला माणूस नाही. एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर आहे. मशीन बंद पडलं तर त्याला कारण असतं आणि ते सापडेपर्यंत शोधायचं असतं, एवढंच मला येतं. इथे लोक लिहितात ते भुतांचे अनुभव मी जेवणाच्या सुट्टीत वाचायचो, तेही डबा खाताना सगळ्यांना वाचून दाखवून हसायला. आज माझ्यावर हसलात तरी चालेल.

बामाकाका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. पायदळात होते, एकाहत्तरची लढाई लढले. मला भरतीला तेच घेऊन गेले होते. माझी छाती फुगवूनही पुरेशी भरली नाही आणि मी परत आलो. ते कधी काही बोलले नाहीत, पण मला ते आयुष्यभर लागून राहिलं. काका वारले. मूलबाळ नव्हतं. यमुनाकाकी चामटोलीला एकटीच राहते, मी इकडे बदलापूर पश्चिमेला, हेंद्रेपाड्यात.

माजी सैनिकांच्या संघटनेचे एक निवृत्त सुभेदार काकीकडे जाऊन आमंत्रण देऊन आले. दिवंगत सैनिकांच्या पत्नी पहिल्या रांगेत बसणार, काकांची पदकं लावून उघड्या जीपमधून स्मारकापर्यंत जाणार, असं ठरलं होतं. काकीने पदकांचा डबा माझ्या हातात दिला. "फिती सरल्यान बघ. जरा नीट करून आन," म्हणाली.

उल्हासनगरला गणवेश आणि बँडचे ड्रेस शिवणारं एक दुकान आहे. तिथल्या शेठने पदकांच्या सडलेल्या फिती बदलल्या, पितळी पट्टी लावून सगळी पदकं एका ओळीत बसवली आणि काही न विचारता माझ्याच ब्लेझरला डाव्या बाजूला लावून बघितली.

"फौजी हो क्या साईं?"

मी आरशात बघत होतो. "हां," म्हणालो.

"अरे, तो खड़े क्यों हो? बैठो. ए, चाय ला साहब के लिए."

मी बसलो. चहा प्यायलो. सुरुवात तिथून झाली.

संचलनाच्या सकाळी पदकं ब्लेझरला लावूनच निघालो. मनाला सांगितलं की खिशात एकमेकांवर घासतील. आधी मैदानात जाऊन काकीची खुर्ची बघायची, मग रिक्षाने चामटोलीला जाऊन तिला आणायचं, असं ठरलं होतं. गेटवर एका कार्यकर्त्याने माझी छाती बघितली आणि खाडकन सॅल्यूट ठोकला. "सर, इकडे... पहिली रांग." मी त्याच्या मागून गेलो. खुर्चीवर बसलो आणि काकीच्या शेजाऱ्यांना फोन लावून तिला बोलावून घेतलं.

"काकी, गाडी मिळत नाहीये. आज तू राहू दे."

"बरं," ती म्हणाली. मग, "ऊन हाय, टोपी घाल."

मी बोलत होतो तेव्हा समोर रिक्षांची रांग उभी होती.

थोड्या वेळाने सुभेदारांनी माइकवरून सूचना दिल्या. स्वतःची पदकं डावीकडे. घरातल्या दिवंगत सैनिकाची असतील तर उजवीकडे. म्हणजे बघणाऱ्याला कळतं की मान कुणाचा आहे. मला हा नियम आधी माहीत नव्हता, ही सबब तिथेच संपली. मी डावीकडे बघितलं, पदकं डावीकडेच होती, आणि मी ती तिथेच राहू दिली.

बँड सुरू झाला. काकीसाठीच्या जीपमध्ये दुसऱ्या दोघी बसल्या, आम्ही मागून चालत निघालो. कडेला शाळेची मुलं फुलं टाकत होती. एका बाईने कडेवरच्या मुलीचा हात धरून तिला माझ्याकडे सॅल्यूट करायला लावला. मी तो परत केला आणि माझा उजवा हात पितळेवर घासला.

पदकं उजव्या बाजूला होती.

वाटलं, घाईत आपणच चुकलो असू. चौकात सगळे थांबले तेव्हा पिन काढली, डावीकडे लावली, खटका बसल्याचा आवाज ऐकला. शेजारी चालणारे गृहस्थ म्हणाले, "काय, टोचतंय का?" "हो," म्हणालो. पुढे मुद्दाम खाली बघितलं नाही. लोकांकडे बघून हसत राहिलो.

स्मारकापाशी सुभेदार एकेकाशी हात मिळवत आले. माझ्यापाशी थांबले, छातीकडे बघितलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "वडिलांची का?"

मी खाली बघितलं. पुन्हा उजवीकडे.

खरं सांगायची ती वेळ होती. त्यांनी स्वतःच दार उघडून दिलं होतं. पण मागे दोन-तीन मोबाइल माझा व्हिडिओ काढत होते. "नाही साहेब... माझीच. घाईत चुकून या बाजूला लागली."

"बरं," ते म्हणाले आणि पुढे गेले. हात मात्र मिळवला नाही.

मी पदकं काढून परत डावीकडे लावली. मग बिगुल वाजला आणि दोन मिनिटांची शांतता सुरू झाली. सगळ्यांच्या माना खाली, त्यामुळे माझी नजर माझ्याच छातीवर होती. डावीकडचं कापड जरा वर उचललं गेलं, पिन आपोआप सुटावी तसं. वारा नव्हता. स्मारकाचा झेंडाही हलत नव्हता. पदकं माझ्या छातीसमोरून सरकत उजवीकडे गेली. आवाज झाला नाही, एकमेकांवर आपटलीसुद्धा नाहीत. आणि मग ब्लेझरच्या आत, शर्टावर, मला दोन बोटं जाणवली. गार. दुसऱ्याला पिन लावताना ती त्याला टोचू नये म्हणून आपण कापडाखाली बोटं धरतो ना, तशीच. दोन्ही बाजूंची माणसं सावधानमध्ये ताठ उभी होती, त्यांचे हात मांडीला चिकटलेले. पितळेला लावायच्या पॉलिशचा वास आला. शांतता संपेपर्यंत ती बोटं निघाली नाहीत. 

घरी आलो तर बायको म्हणाली, "उजवीकडे का लावलीत?" मी ब्लेझर उजेडात धरला. जड पट्टीने उजव्या बाजूला भोकं पडली होती. डावीकडे मी स्वतः तीनदा पिन खुपसली होती, शिवाय उल्हासनगरच्या शेठने एकदा. तिथे एकही भोक नव्हतं. संध्याकाळी संघटनेच्या ग्रुपवर फोटो आले. गेटवरचे, खुर्चीवरचे, अगदी बँड सुरू होण्याआधीचे. पाठीमागच्या बॅनरची अक्षरं सरळ, म्हणजे फोटो उलटे नव्हते, आणि पदकं सगळीकडे उजवीकडे. खाली माझं नाव, त्याच्यापुढे 'माजी सैनिक'.

तो फोटो सोसायटीत, वर्कशॉपमध्ये, सगळीकडे फिरला, आणि त्यानंतर ते थांबलं नाही. सोसायटीत कुणी "काय फौजी!" म्हणालं की शर्टाच्या आत दोन बोटं. वर्कशॉपमध्ये सत्कार केला, तेव्हाही. पुष्पगुच्छ हातात आणि बोटं छातीवर. पदकांचा डबा मी कपाटात ठेवला होता, काकीला परत दिला नव्हता. तिच्यासमोर जायची हिंमत नव्हती.

मग एका शाळेतून फोन आला. पाहुणे म्हणून या, मुलांना लढाईतले अनुभव सांगा. "येतो," म्हणालो, आणि त्याच क्षणी उजव्या बाजूला काहीतरी आत घुसलं. या वेळी बोटं नव्हती. बायकोने शर्ट काढायला लावला. बनियनवर रक्ताचा ठिपका होता. कपड्यांत पिन, टाचणी, काहीही सापडलं नाही. दोघांनी शिवणी उसवून बघितल्या.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन चामटोलीला गेलो. काकी ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं, रिक्षांच्या रांगेपासून रक्ताच्या ठिपक्यापर्यंत. ती सुपातून मान वर न करता ऐकत होती.

"मी सकालपासून लुगरं नेसून रस्त्यावर बसलेली," ती म्हणाली. "तुजा फोन आला तरी बसलेली. म्हटलं, मिलंल गारी, येईल पोर. ऊन डोक्यावर आलं. बाया इचारत व्हत्या, काय गो, नाय गेलीस? मी सांगितलं, पुतन्याला कंपनीत बोलावला."

मला तोंड वर करवेना. म्हणालो, "काकी, काका आले होते गं. तेच होते."

"तो कशाला येल?" तिने खडा बाजूला टाकला. "माजेकरं येकदा पन नाय आला मेल्यावर. तुजेकरं येल?"

"मग कोण होतं?"

"मना काय म्हाईत." तिने सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "मना सांगून काय उपेग? ज्यांच्या म्होरं बसलास, त्यांच्या म्होरं सांग. मी येतो संगती."

ती आली. संघटनेच्या बैठकीत, सुभेदारांसमोर आणि त्या दिवशी माझ्या रांगेत बसलेल्या माणसांसमोर, मी उभा राहून सांगितलं की मी सैनिक नाही. शाळेलाही कळवलं. कुणीतरी मागून म्हणालं, "वाटलंच होतं."  सुभेदारांनी उठून काकीला आपली खुर्ची दिली.

त्या दिवसापासून आजपर्यंत छातीवर काही जाणवलेलं नाही. ब्लेझर अजून माझ्याकडे आहे, डावी बाजू अजून कोरी आहे. सवयीने मी कारण शोधत राहतो. पिन सैल असेल, माझंच मन खात असेल... पण फोटोंचं काय करायचं, ते मला कळत नाही.  

त्या बैठकीत सगळ्यांची माफी मागून झाली, तरी एक राहिलीच होती. मी काकीच्या खुर्चीपाशी गेलो. खाली बसलो. ती बाकीच्या माणसांकडे बघत होती, माझ्याकडे नाही.

"काकी," मी म्हणालो, "गाडी मिळत होती. तू आली असतीस तर मला उठावं लागलं असतं, म्हणून तुला येऊ दिलं नाही. मला माफ कर."