कोक्करेबेळ्ळूरच्या गच्चीवर ठेवलेला घास

मागच्या वर्षी मी म्हैसूर रस्त्याकडच्या त्या पक्ष्यांच्या गावाला, कोक्करेबेळ्ळूरला गेले आणि ढिगाने फोटो घेऊन आले. सगळ्यांत पक्ष्यांच्या शेपट्या. यंदा ठरवूनच टाकलं. पेलिकनचं पिल्लू आईच्या चोचीखालच्या झोळीत डोकं खुपसून मासा खातं, तो एक फोटो पाहिजे. बाकी काही नको. तो घेतल्याशिवाय कॅमेरा बंद करायचा नाही.

जाणार असाल तर मार्चमध्ये जा. तेव्हा काही घरट्यांत अंडी असतात, काहींत पिल्लं. आम्ही घरून, चामराजपेटहून, पहाटे निघालो, म्हैसूर रस्त्याच्या स्टँडवर साधी बस पकडली. आधारकार्ड दाखवलं की बायकांना फुकट. आमच्या ह्यांनी पैसे देऊन तिकीट काढलं, म्हणून म्हणाले, "मग खिडकी माझी." म्हटलं, "बसा पलीकडे. फोटो कोण काढणार आहे?" दोन तासांत मद्दूर. तिथे गरम मद्दूर वडे बांधून घेतले आणि रिक्षा ठरवली. रिक्षावाला म्हणाला, "अक्का, रस्ता लांब आहे, स्वल्प जास्ती द्या." सातशेवरून पाचशेवर आणला, जाऊन-येऊन. तुम्हीही आणा.

गाव साधंच. पण घरांच्या मध्ये चिंचेची झाडं, आणि झाडांवर पेलिकन आणि रंगीत करकोचे, भाजीबाजारासारखी गर्दी. खाली सगळं पांढरं शिंपडलेलं. टोपी घाला, मी नव्हती घातली.

जयम्मा नावाच्या बाईचं घर अशाच एका झाडाला लागून आहे. गच्चीवरून घरटी डोळ्यांसमोर येतात. ती पायरीवर बसून चिंचेतले चिंचोके काढत होती. मी कानडीतच विचारलं, वर जाऊ का? म्हणाली, "सरी, बरं, जा. पण आमच्या मुली बाळंतपणाला आल्यात. ओरडायचं नाही, हात हलवायचे नाहीत."

"ही चिंच या झाडाची?"

"छे! मुली बसल्यात त्या झाडाला काठी कशी लावायची? ती चिंच जाऊ दे. ही मागच्या झाडाची."

गच्चीवर दोन तास बसले. मला भाजी शिजेपर्यंत धीर धरवत नाही, पण बसले. समोर एका घरट्यात पिल्लू, दोन हातांवर दुसऱ्या घरट्यात एक पेलिकन अंड्यांवर. पिल्लाची आई मासे आणायला गेलेली. भूक लागली म्हणून डबा उघडला. आमच्या घरी जेवायला बसलं की पहिला घास कावळ्याला, सासूबाईंपासूनची पद्धत. हाताला सवय. दहीभाताचा घास मी कठड्यावर ठेवला.

एक कावळा आला. मग चार. मग मोजायचं सोडलं. घास संपला तसे ते झाडावर गेले आणि अंड्यांवर बसलेल्या पेलिकनला दोन्ही बाजूंनी टोचायला लागले. एक शेपटी ओढतोय, दुसरा अंगाखाली डोकावतोय.

मी पदर झटकून उठणार, तेवढ्यात जयम्मा वर आली. "अय्यो! काय केलंस अक्का! खबरदार हाकललंस तर! ती उडाली की अंडी उघडी पडतील, मग काय राहतं?"

"मग काय करू?"

"तू बोलावलेस, तूच घेऊन जा."

आणि त्याच वेळी पिल्लाची आई आली. झोळी भरलेली. पिल्लू पंख आपटायला लागलं. हे दबक्या आवाजात म्हणाले, "अगं आली! काढ ना!"

मी एकदाच बटण दाबलं, पण कॅमेरा अंड्यांवरच्या पेलिकनकडे होता. का, ते मलाच माहीत नाही. मग डबा उचलला, एक वडा हातात वर धरून कावळ्यांना दाखवला आणि जिना उतरले. गल्लीतून चालत, वड्याचे तुकडे टाकत, गावाबाहेर उसाच्या बांधापर्यंत गेले. कावळे मागे. वडे संपले, दहीभात संपला, शेवटी डबा पुसून चिकटलेली शितंही दिली. मागून पिल्लाचं ओरडणं ऐकू येत होतं, मग थांबलं. म्हणजे जेवण उरकलं.

परत आले तर पिल्लू पोट फुगवून झोपलेलं. ह्यांच्यावर ओरडले, "तुम्ही तरी काढायचा!"

"कॅमेरा तुझ्याच गळ्यात होता, बाई."

जयम्मा हसली. मी विचारलं, "ती उठली का?"

"नाही उठली. बसूनच आहे."

पाचपर्यंत थांबलो. पिल्लाचा बाप आला, पण पाठ करून बसला. रिक्षावाला हॉर्न न वाजवता हातवारे करत होता. निघालो.

घरी मुलीने दारातच विचारलं, "मिळाला का तो फोटो?" नाही मिळाला. पंधरा दिवसांनी पुन्हा जाणार आहे, पिल्लं उडायच्या आत. जेवण मद्दूरच्या स्टँडवर उरकून. तुम्हीही तसंच करा, गच्चीवर शेंगदाणासुद्धा नेऊ नका.

त्या दिवसाचा कामाचा म्हणावा असा एकच फोटो आहे. निम्मा पानांनी झाकलेला, कोपऱ्यात कावळ्याचा पंख. पेलिकन मान आखडून बसलेली आहे. मुलगी म्हणाली, "यात अंडी कुठे आहेत?"

दिसत नाहीत. तिच्या अंगाखाली आहेत.