जावयाच्या पलटणीतला स्वयंपाक

माझ्याकडे पलटणीतले किस्से इतके साठलेत, की भिशीतल्या बायका फोनवर "कशा आहात" म्हणायच्या आधी विचारतात, "मावशी, या शनिवारी लढाई कोण जिंकलं?"

सांगते. आम्ही राहतो व्हर्जिनियात, हर्नडनला. इथली हौशी माणसं सुट्टीत सिव्हिल वॉरचे, म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी इथे उत्तर विरुद्ध दक्षिण पेटलेल्या युद्धाचे, सैनिक होतात. तंबू ठोकतात, त्या काळचं खातात, खोट्या लढाया करतात. आमचे जावई प्रशांतराव आठवडाभर कॉम्प्युटरपुढे आणि वीकएंडला उत्तरेच्या निळ्या पलटणीत! यंदा ते ट्रायलवर होते. ट्रायलवाल्याच्या कोटाला काळी बटणं. सीझन संपताना सार्जंट बिलने पास केलं, तरच पितळेची. त्या बटणांपायी माणूस झोपेत सलाम ठोकायचा!

बिलचा नियम एकच. त्या काळी नव्हती अशी वस्तू कॅम्पात सापडली, की तो माणूस घरी.

*

पहिल्याच दिवशी मीही जावयांबरोबर कॅम्पात गेले, तर बिल माझ्या लुगड्याकडे बघत उभा राहिला. मिशा पांढऱ्या, आवाज तोफेचा. "हे त्या काळातलं आहे का?"

प्रशांतरावांनी मला मराठीत सांगितलं. मी म्हटलं, "सांगा त्याला, त्याच्याही आधीचं आहे!"

चुलीपाशी माझी जागा पक्की झाली.

*

रेशनला हार्डटॅक नावाचं बिस्किट. मैदा, पाणी, मीठ, आणि भाजून पार वीट! डेव्ह नावाच्या आडदांड शिपायाने ते दगडावर आपटलं, तर टवका दगडाचाच उडाला.

माझी तर कवळी! मी ती बिस्किटं भिजवली, कुस्करली, लोण्यावर कांदा परतला, लाल मिरची चुरडली. शिळ्या पोळीचा कुस्करा करतो, तसाच. वासावर अख्खी पलटण गोळा झाली.

डेव्ह बोटं चाटत म्हणाला, "त्या वेळी हे मिळालं असतं, तर आमचे पणजोबा जेवण सोडून लढायला उठलेच नसते!"

बिलने मला टिनचा मग भरून कॉफीच्या बिया दिल्या होत्या. तो मग मी कुस्करा भरून परत केला. तो बघतच राहिला, तेव्हा म्हटलं, "बिलभाऊ, आमच्यात भांडं रिकामं परत देत नाहीत."

प्रशांतरावांनी इंग्रजीत सांगितलं. बिल म्हणाला, "हं." आणि उभ्या उभ्या सगळं संपवलं.

*

आता माझा घोटाळा. जेवायच्या सतरंजीवर चिखलाचे बूट? मला बघवेना. सगळ्यांना बाहेर काढायला लावले. तेवढ्यात आभाळ भरून आलं, म्हणून मी ते उचलून सामानाच्या लाकडी गाडीखाली एका ढिगात टाकले. सगळे काळे, सगळे सारखे!

आणि वाजला बिगुल.

आमची शूर पलटण मोज्यांवर लढाईला गेली हो! त्या दिवशी उत्तरेने जिंकायचं आधीच ठरलं होतं, म्हणून अब्रू वाचली. त्या काळी दक्षिणेच्या सैन्याला बूट मिळायची मारामार, म्हणून समोरून दक्षिणेचा एक शिपाई ओरडला, "अरे, अनवाणी लढायचं काम आमचं आहे!"

बिल प्रशांतरावांना म्हणाला, "आता एक जरी चूक झाली, तर संपलं."

*

सीझनची शेवटची तपासणी. रांगेत एकेकाची झोळी उघडून बिल बघत होता. प्रशांतराव खूश. घड्याळ, फोन, सगळं घरी ठेवून आलेले.

मी मात्र दुपारी भूक लागेल म्हणून सकाळीच त्यांच्या झोळीत डिंकाचे लाडू टाकले होते. झिपवाल्या प्लास्टिकच्या पिशवीत!

बिलचा हात बाहेर आला, तो पिशवी घेऊनच. प्रशांतरावांनी डोळे मिटले. बिलने झिप उघडली, वास घेतला, आणि पिशवी आपल्या झोळीत टाकली. "जप्त!" म्हणाला, आणि पुढे गेला. पास नाही, नापास नाही, काही नाही.

आठवडाभर जावई घासाघासाला थांबायचे. "प्लास्टिक, आई? प्लास्टिक?" माझी लेक मेधा मला डोळ्यांनी दटावायची. मला अन्न गोड लागेना.

रविवारी बेल वाजली. दारात बिल! साधी जीन्स, साधा शर्ट. बूट त्याने बाहेरच काढून ठेवले, भिंतीला लावून. आत आला, आणि तीच पिशवी माझ्या हातात दिली. स्वच्छ धुतलेली, पण जड.

मी झिप उघडली. वर हार्डटॅक. खाली पितळेची बटणं.